अबोल पुढारी

वर्गनायक निवडावयाची वेळ आली की, बहुतेक मुलांच्या नजरा वर्गातील सर्वांत बोलक्या मुलाकडे वळतात. मोठी माणसेही पुष्कळदा असेच करतात. ज्याचा आवाज मोठा त्याची योग्यता मोठी, हा समज फार जुना आहे. पण तो पारखून घेतलेला बरा.

मोहनदास गांधी १८८८ साली कायद्याच्या अभ्यासासाठी लंडनला गेले. तेथील शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीवर ते निवडून आले; पण सभेत त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे. एकदा एका सभासदाला काढून टाकण्याचा प्रश्न निघाला. त्या गृहस्थाची मते गांधीजींना पटत नव्हती, तरीही हा अन्याय आहे असे त्यांना वाटले. त्यांनी आपले म्हणणे लिहून नेले. परंतु ते वाचण्याचाही धीर होईना. अखेर ते दुसऱ्याने वाचून दाखविले. बॅरिस्टर होऊन परतल्यावर मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात ते उलटतपासणीसाठी उभे राहिले, तो डोके गरगरू लागले. एकही प्रश्न न विचारता ते खाली बसले आणि तीस रुपयांची फी परत घ्या, असे त्यांनी सांगितले. त्या दिवशी कोर्टात हजर असलेल्यांपैकी कोणी ह्या तरुणाला आपला पुढारी निवडले असते काय?

१९१७ साली हेच गांधीजी बिहारातील चंपारण्यात गेले. तेथे शेतकऱ्यांवर नीळमळेवाल्या गोऱ्यांची सक्ती होती. वीस कठ्ठे जमीन असेल, तर तीन कठ्ठ्यांत नीळ लावलीच पाहिजे! अशा ठिकाणी जळजळीत भाषणे करणे सोपे होते. गांधीजींनी ते टाळले. ते व त्यांचे सहकारी शेतकऱ्यांच्या जबान्या ऐकून लिहून घेऊ लागले. दाराशी माणसांची रीघ लागली. प्रत्येकाला उलटसुलट प्रश्न विचारावेत, आणि जे टिकणार नाही ते लिहू नये, असा दंडक होता. मुंबईत जी उलटतपासणी साधली नव्हती, तिचाच येथे उपयोग झाला! सरकारचा गुप्त पोलीसही शेजारी बसून हे सारे ऐके. पुढे सरकारने चौकशी समिती नेमली, तीत गांधीजींना घेतले, आणि १९१८ च्या कायद्याने ती सक्ती संपली.

बोलकी माणसे कुचकामाची, असा ह्याचा अर्थ नव्हे. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहात गांधीजी आणि त्यांच्यामागून अब्बास तय्यबजी पकडले गेले, तेव्हा धारासणा येथे सत्याग्रहींच्या अग्रभागी सरोजिनी नायडू उभ्या राहिल्या. त्यांची वाणी ओघवती, स्वभाव विनोदी व माणसांत रमणारा. अशा आणीबाणीच्या क्षणी समुदायाला धीर द्यावयाचा, तर असेच कोणी हवे. परंतु लोकांचे दुःख नेमके काय आहे हेच जेथे ठाऊक नसते, तेथे आधी ऐकणारा लागतो.

मुखदुर्बळपणा हा मुळात गुण नव्हे; गांधीजींनाही त्याचा जाच झाला. मात्र त्यामुळेच आपण शब्द जपून वापरावयास शिकलो, असे त्यांना पुढे वाटू लागले.

मागच्या बाकावरील कोणाला फळ्यावरचे दिसत नाही, मधल्या सुटीत कोण डब्यावाचून हिंडतो, हे वर्गातील एखाद्या अबोल मुलीला पक्के ठाऊक असते. निवडीच्या दिवशी तिचे नाव मात्र क्वचितच कोणी सुचवितो.