आधी नवऱ्याची तपासणी करा

मूल न होणाऱ्या बाईसाठी मराठीत ‘वांझ’, ‘वांझोटी’ हे शब्द तयारच आहेत. पुरुषासाठी तसा शब्द शोधून बघा. ‘नामर्द’ आहे, पण तो वेगळ्या गोष्टीचा. ज्याचे शरीरसंबंध अगदी व्यवस्थित आहेत त्याच्याही वीर्यात शुक्राणू कमी असू शकतात, किंवा अजिबात नसू शकतात. हा फरक भाषेनेच केला नाही, तर सासूने कुठून करावा?

मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी साधारण निम्म्यांत पुरुषाकडचं कारण सापडतं, कधी एकटं, कधी बाईकडच्या कारणासोबत. त्यातलं नेहमी आढळणारं आणि दुरुस्त होऊ शकणारं कारण म्हणजे व्हेरिकोसील. पायावरच्या शिरा फुगतात तशा अंडकोषातल्या शिरा फुगतात. बहुतेकदा डाव्या बाजूला, कारण डावी शीर मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते आणि रक्त मागे तुंबतं. वृषणांना शरीरापेक्षा दोन-चार अंश गारवा लागतो. तुंबलेल्या रक्ताने तो जातो आणि शुक्राणू बिघडतात. शंभरात सुमारे पंधरा पुरुषांना हे असतं आणि त्यातल्या बहुतेकांना मुलंही होतात, म्हणून हातपाय गाळायचं कारण नाही. पण ज्यांना पहिलंच मूल होत नाही अशा पुरुषांत हे प्रमाण 35 ते 40 टक्क्यांवर जातं.

तपासणी काय? दोन ते सात दिवस संबंध न ठेवता वीर्य तपासायला द्यायचं, बिघडलेलं निघालं तर पुन्हा एकदा. मग डॉक्टर उभं करून, जोर करायला सांगून हाताने बघतात. ना सुई, ना भूल. आणि बाईच्या वाट्याला? वस्त्यांत काम करताना आम्ही फायली बघतो: क्युरेटिंग, ‘पिशवी धुतली’, नळ्यांचा एक्सरे, दुर्बीण. तीन-चार वर्षांच्या जाड फायलीत नवऱ्याचा एक कागद नसतो. कारण एकच, ‘आमच्या मुलाला काय धाड भरलीय?’

22 प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या घरांतून सुना भगताकडे नेल्या जातात, हेही लिहिलंच पाहिजे. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत एक कलम आहे: दैवी शक्तीने मातृत्व देतो म्हणून मूल न होणाऱ्या बाईशी शरीरसंबंध ठेवणं हा गुन्हा. कायद्याला हे लिहावं लागलं याचा अर्थ समजून घ्या. दोष नवऱ्याच्या शुक्राणूंत असेल तर बुवाचा ‘चमत्कार’ कशाने होतो, हे विचारायची हिंमत कुणाला नाही.

पुरुषाचं शरीर प्रश्नाबाहेर ठेवायची ही खोड मूल नको असतानाही दिसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत नसबंदी केलेल्या स्त्रिया 37.9 टक्के आणि पुरुष 0.3 टक्के. 10 नोव्हेंबर 1938 ला मुंबईच्या कायदेमंडळात रोहमांनी संततिनियमनाचा ठराव मांडला, तेव्हा बाबासाहेबांचं भाषण बाळंतपणाच्या यातना बाईच्या बाजूने मोजणारं होतं. त्याआधी 1934 मध्ये ते र. धों. कर्व्यांचे वकील म्हणून कोर्टात उभे राहिले होते. लैंगिक आरोग्यावर बोलणं आमच्या चळवळीला परकं नाही. जयंतीच्या व्याख्यानमालेत हा विषय घ्यायला आमचेच कार्यकर्ते लाजतात, एवढंच.

उलट टोकाचीही काळजी घ्या. प्रत्येक फुगलेल्या शिरेला ऑपरेशन लागत नाही. हाताला गाठोडं लागत असेल, वीर्यतपासणी बिघडलेली असेल आणि मूल हवं असेल, तरच तो विचार करायचा. केवळ सोनोग्राफीत दिसली म्हणून पैसे भरू नका. ऑपरेशननंतरही फरक कळायला तीन महिने तरी थांबावं लागतं, कारण शुक्राणू तयार व्हायलाच अडीच महिने जातात.

आणि भट्टीवर, बॉयलरजवळ काम करणाऱ्यांनी, फवारणी करणाऱ्यांनी डॉक्टरला आपलं काम सांगावं. 1977 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका कारखान्यात डीबीसीपी हे कीटकनाशक बनवणाऱ्या कामगारांना मुलं होत नाहीत, हे कामगारांनीच आपसांत बोलून ओळखलं होतं. डॉक्टर नंतर आले.

यापुढे सुनेची फाइल घेऊन कुणी आलं, तर आम्ही ती उघडण्याआधी नवऱ्याचा रिपोर्ट मागणार आहोत.