एका नावाच्या दोन गाड्या

राजापूर तालुक्यातील नाटे बंदरात आता फायबरच्या होड्या सर्रास दिसतात. खडकाला घासून बुडाला भोक पडले तर काचेच्या धाग्यांची जाळी आणि रेझिन आणून किनाऱ्यावरच ठिगळ लावता येते. अशाच तंतुमिश्रित प्लॅस्टिकचे अंग असलेल्या दोन स्पोर्ट्स मोटारींची तुलना येथे करायची आहे. वेगाची नव्हे, दुरुस्तीची.

दोघींचे नाव एकच, अवंती. आपल्याला या नावाने उज्जैन आठवते. इटालियन भाषेत त्याचा अर्थ 'पुढे'.

पहिली अमेरिकेची. १८५२ पासून घोडागाड्या बनवत आलेल्या स्टुडबेकर घराण्याच्या कंपनीला १९६० नंतर घरघर लागली होती. अध्यक्ष शेरवुड एगबर्ट यांनी रेमंड लोवी यांना साकडे घातले. लोवींनी तीन सहकाऱ्यांसह पाम स्प्रिंग्जमधल्या एका घरात बसून काही आठवड्यांत आकार सिद्ध केला. समोर जाळी नाही, मध्ये चिमटलेली कंबर. आजही ही गाडी जुनी वाटत नाही. ४.७ लिटरचे आठ सिलिंडरांचे इंजिन, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक. एप्रिल १९६२ मध्ये ती लोकांसमोर आली, मागणीही आली. पण ओहायोतून येणाऱ्या अंगाचे भाग एकमेकांना जुळेनात. गाड्या रखडल्या, गिऱ्हाइके दुसरीकडे वळली. डिसेंबर १९६३ मध्ये साउथ बेंडचा कारखाना बंद पडला, तोवर पाच हजार अवंतीही झाल्या नव्हत्या.

दुसरी आपली. दिलीप छाब्रिया यांनी ती जानेवारी २०१२ मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात मांडली. पुण्यात बनलेली, दोन आसनांची, सुमारे ३५ लाखांची. आपले रस्ते ओळखून पोट जमिनीपासून १७० मिलिमीटर उंच ठेवले होते, हा शहाणपणा मान्य केलाच पाहिजे. कोकणातल्या पावसाळ्यानंतरच्या रस्त्यांवर अमेरिकन अवंतीला घामच फुटला असता. इंजिन मात्र रेनॉचे, २ लिटरचे, टर्बो लावलेले, २५० अश्वशक्तीचे. 'पहिली भारतीय सुपरकार' म्हणून तिचा गाजावाजा झाला. आकारावर आपण इतके भाळलो की आत काय आहे, हे विचारणे अरसिकपणाचे ठरले असते. पुढे तिचेही उत्पादन थांबले.

बंद दोन्ही पडल्या. फरक त्यानंतरचा आहे. साउथ बेंडमधील नेथन ऑल्टमन आणि लिओ न्यूमन या दोन विक्रेत्यांनी नाव, साचे आणि सुटे भाग विकत घेतले. स्टुडबेकरचे इंजिन मिळेना, तेव्हा शेवरोलेचे बसवले, आणि १९६५ पासून 'अवंती टू' हाताने बनवून विकली. अमेरिकेत कोणत्याही गावच्या गॅरेजला ठाऊक असलेले ते इंजिन. ती गाडी या ना त्या मालकाकडे २००६ पर्यंत बनत राहिली.

आपल्या अवंतीचा फुटलेला बंपर नाटे बंदरातला होड्यांचा कारागीरही बहुधा जोडून देईल. तिचे ते टर्बो इंजिन मात्र रेनॉने भारतात विकलेल्या एकाही गाडीत नव्हते.