कोश रिकामा कसा झाला?

पूजेचे रेशमी वस्त्र शुद्ध मानले जाते; पण तुतीच्या रेशमाचा शेकडो मीटर लांब अखंड धागा मिळावा म्हणून कोशातील जीव उकळत्या पाण्यात किंवा वाफेत मारला जातो. हैदराबादचे कुसुमा राजय्या यांनी 1990च्या दशकात पतंग बाहेर पडेपर्यंत थांबण्याचा प्रयोग केला. पतंग निघताना कोश भेदला जातो, धागा तुटतो. मग तो कापसासारखा कातावा लागतो. वस्त्र मऊ होते, चकाकी कमी, भाव मात्र अधिक. आसामच्या एरीचा कोश मुळातच एका टोकाला उघडा. म्हणून ते रेशीम अनेकदा सरसकट ‘अहिंसक’ म्हणून विकले जाते. परंतु तेथे एरीचे कोशित आवडीने खाल्ले जातात. तेव्हा माल घेताना विणकराला विचारावे : कोश रिकामा झाला तो पतंग निघाल्याने, की कोशित काढून घेतल्याने?