डब्यातला कोळी, ढोलीतला कोळी

सेलूला माझी मोठी बहीण असते. वर्धा-नागपूर रस्त्यावरचे हे तालुक्याचे गाव. एकेकाळी केळीच्या बागांसाठी नावाजलेले, आता कापूस-सोयाबीनच्या भावाची चिंता वाहणारे. गेल्या मे महिन्यात तिच्याकडे गेलो, तेव्हा घरातला एकुलता एक कूलर बैठकीतून गायब होता. पारा ४५च्या घरात, आणि कूलर भाच्याच्या खोलीत! पोराची परीक्षा असेल असे मी समजलो. ताई वैतागून म्हणाली, "परीक्षा कसली? त्याच्या कोळ्याले ऊन सहन होत नाही."

खोलीत टेबलावर एक पारदर्शक डबा होता. बाजूंना तापल्या सळईने पाडलेली भोके, तळाशी नारळाच्या काथ्याचा भुसा, कोपऱ्यात पाण्याने भरलेले बाटलीचे झाकण. आणि भुशावर पंजाएवढा केसाळ कोळी, काळाभोर, गुडघ्यांवर शेंदरी पट्टे. "काऊन घाबरता, मामा? ती चावत नाही जी. लई झालं तर केस उडवते," भाच्याने धीर दिला. ती मादी होती, हे त्याने तिच्या टाकलेल्या कातेवरून ओळखले होते. मूळ मुलूख मेक्सिको. मोबाइलवर ओळख झालेल्या कुणाकडून २०२३ साली त्याने ती कुरिअरने मागवली, तेव्हा ती नखाएवढी होती. पावती नाही, कागद नाही.

वाचकांना हा एका पोराचा विक्षिप्तपणा वाटेल. तसा तो नाही. जुलै २०२१मध्ये चेन्नईच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी पोलंडहून आलेले एक टपाल-पार्सल उघडले, तर आत कापूस आणि चंदेरी कागदात गुंडाळलेल्या इवल्या कुप्या निघाल्या. कुप्यांमध्ये १०७ जिवंत टॅरेंटुला! पार्सल निघाले होते तामिळनाडूतल्या अरुप्पुकोट्टैला. म्हणजे मुंबई-बंगळूरच्या धनिकाच्या बंगल्याला नव्हे, तर आपल्या सेलू-हिंगणघाटसारख्याच एका गावाला. परदेशी पोपट आणि इग्वाना पाळायला पैसा लागतो, जागा लागते. कोळ्याला लागतो एक डबा आणि आठवड्याला दोन रातकिडे किंवा झुरळे. तो भुंकत नाही, शेजारी तक्रार करीत नाहीत, महिनाभर उपाशी राहिला तरी मरत नाही. हा छंद निमशहरात पोहोचला याचे नवल नाही.

या छंदाचा खरा कैफ मात्र पाळण्यात नाही, पैदाशीत आहे. भाच्याने मला ते सारे रात्री गच्चीवर बसून समजावले. नर वयात आला की जाळ्याची एक लहानशी चादर विणतो, तीवर आपले बीज सांडतो आणि तोंडाजवळच्या दोन आखूड पायांच्या टोकांत भरून घेतो. मग मादीच्या दाराशी जाऊन पाय आपटतो, ठेका धरतो. मादीने उलट ठेका दिला तर ठीक. नाही तर नवरदेवच जेवणाचा घास होण्याची शक्यता! काही आठवड्यांनी मादी रेशमी पिशवी विणते. या मेक्सिकन जातीच्या एका पिशवीतून शेकडो पिल्ले निघतात. एकत्र ठेवली तर ती एकमेकांना खातात, म्हणून पैदास करणारा प्रत्येकाला वेगळ्या कुपीत घालतो. नर चार-सहा वर्षांत संपतो, मादी पंचवीस वर्षे जगू शकते. "म्हणजे तुझे लग्न, नोकरी, बदली सगळे पाहून मग ती जाणार," मी म्हटले. तो हसला नाही. त्याने हे आधीच मोजलेले असावे.

आता कायद्याकडे वळू. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा त्याच्या अनुसूचींत वाघ होता, मोर होता. कोळ्याला जागा नव्हती. परदेशी प्राण्यांबद्दल तर तो जवळजवळ मुकाच होता. २०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३पासून लागू झाली आणि 'सायटिस' या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले प्राणी प्रथमच आपल्या कायद्याच्या कक्षेत आले. २८ फेब्रुवारी २०२४च्या नियमांनी असे प्राणी घरी बाळगणाऱ्यांना नोंदणी सक्तीची केली. आधीपासून बाळगणाऱ्यांना सहा महिन्यांची मुदत दिली. प्राण्याचा जन्म, मृत्यू, हस्तांतर, सारे सरकारी संकेतस्थळावर कळवायचे. मेक्सिकोच्या या शेंदरी गुडघ्यांच्या कोळ्याला सायटिसच्या दुसऱ्या परिशिष्टात १९८५ सालीच घातले गेले, कारण छंदिष्टांसाठी तो रानातून बेसुमार उपसला जात होता. म्हणजे सेलूतला तो डबा कायद्याच्या कक्षेत येतो. घरात कुणाला याचा पत्ता नव्हता.

नियमांचा हेतू योग्य आहे, याबद्दल मला शंका नाही. पण हे नियम लिहिणाऱ्यांच्या नजरेसमोर पोपट आणि माकड असावे, असा माझा संशय आहे. पोपटाच्या पायात कडे घालता येते. कोळ्याला खूण कशी करणार? वर्षा-दोन वर्षांनी तो अख्खी कातडी, पायांच्या नखांसकट, उतरवून ठेवतो! एका पिशवीतून निघालेल्या पाचशे पिल्लांचे पाचशे जन्म कळवायचे, आणि त्यांतली निम्मी मेली की तेवढे मृत्यू. भाच्याने एका कार्यालयात चौकशी केली, तेव्हा टेबलापलीकडच्या गृहस्थांनी त्याला विचारले, "कोळी ना? मग झाडू मार की." त्यांना दोष देण्यात अर्थ नाही; त्यांनी आयुष्यभर बिबट्याच्या नुकसानभरपाईचे अर्ज पाहिलेले.

छंदिष्टांचा दावा असतो की, घरात पैदास झाली की रानातून पकडण्याची गरज उरत नाही. सबब आम्ही या जाती वाचवतो आहोत. हा दावा अगदीच पोकळ नाही. मेक्सिकोत सरकारी परवानगीने अशी पैदास केली जाते आणि तिने चोरट्या व्यापाराला काही पर्याय दिला. पण आपल्याच देशातले गुत्तीचे उदाहरण पाहा. आंध्रातल्या गुत्ती येथे, रेल्वेच्या लाकूड-वखारीत सापडलेल्या एका निळ्याशार कोळ्याचे वर्णन पोकॉक या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने १८९९ साली केले. त्यानंतर शंभर वर्षे तो कुणाला दिसलाच नाही. बहुधा दूरच्या जंगलातल्या ओंडक्याबरोबर आगगाडीने तो गुत्तीला आला असावा. २००१ साली नंद्याल आणि गिद्दलूर यांच्या दरम्यानच्या पूर्व घाटातल्या रानात तो पुन्हा सापडला. जुन्या झाडांच्या ढोल्यांत राहणारा, शंभर चौरस किलोमीटरहूनही लहान टापूत उरलेला. २००८मध्ये त्याची नोंद 'अतिसंकटग्रस्त' अशी झाली.

आणि शोध लागताच काय घडले? काही वर्षांतच तो युरोप-अमेरिकेतल्या दिवाणखान्यांत दिसू लागला. आज तिथे त्याची पिल्ले डब्याडब्यांत जन्मतात, विकली जातात. जात 'वाचली' म्हणायची असेल तर वाचली! पण त्या डब्यांतला एकही कोळी नंद्यालच्या रानात परतलेला माझ्या वाचनात नाही. परतला तरी राहणार कुठे? सरपणासाठी आणि लाकडासाठी तिथली जुनी झाडे तुटत आली आहेत. ढोली पोकळ, जून झाडालाच असते. कालच्या रोपवनाला नसते. तो निळा कोळी ज्या वंशातला, त्या 'पोसिलोथेरिया' वंशाचा सगळा व्यापार २०१९मध्ये सायटिसच्या नियंत्रणाखाली आला. कोळी पार्सलने सीमा ओलांडतो तेव्हा त्यासाठी करार आहे, डब्यात राहतो तेव्हा त्यासाठी आता नियम आहेत. तो ढोलीत असतो तेव्हा त्याची मोजदाद कोण करतो?

हा प्रश्न मला सेलूतच पडला, त्यालाही कारण आहे. गावाच्या उत्तरेला हिंगणीपलीकडे बोरचे जंगल. २०१४पासून तो व्याघ्रप्रकल्प आहे, देशातल्या सर्वांत लहान प्रकल्पांपैकी एक. भाच्याचा पुढचा बेत असा की, पावसाळ्यात तिकडच्या बांधावरून देशी केसाळ कोळ्याची जोडी आणायची आणि पैदास करायची. परदेशी कोळ्याची भानगड नको, आपलाच पाळतो, हा त्याचा युक्तिवाद. मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. एक, अभयारण्याच्या हद्दीतून मुंगीसुद्धा उचलणे गुन्हा आहे. दुसरी, पहिल्या पावसानंतर बिळाबाहेर भटकताना दिसतात ते नर. मादी त्याच बिळात वर्षानुवर्षे बसलेली असते. ती खणून काढली की त्या बांधावरची पुढची वीस वर्षे खणून काढली. तो गप्प झाला, मग म्हणाला, "पण मामा, लोक तर त्याले वहाणेनंच मारतात."

त्याचे हे म्हणणे मला खोडता आले नाही. मे २०१२मध्ये आसामातल्या सदियाहून मोठाल्या कोळ्यांच्या 'हल्ल्या'च्या बातम्या आल्या, दोन मृत्यू त्यांच्या माथी मारले गेले. त्या लोकांच्या जखमा आधी मांत्रिकांनी ब्लेडने चिरल्या होत्या आणि मृत्यू कोळ्याच्या विषानेच झाले हे सिद्ध झाले नाही, हा भाग वाचायला फारसे कुणी थांबले नाही. काही देशी जातींचा दंश बरेच दिवस स्नायूंत पेटके आणतो, हे खरे. दवाखान्यात गेलेच पाहिजे. पण ज्या गावात साप मारू नका हे सांगायला सर्पमित्र तयार झाले, तिथे कोळ्यासाठी कुणी उभा नाही. उभा राहिलाच तर तो, कोळ्याला रोज जवळून पाहणारा, असाच एखादा पोरगा असेल. म्हणून डबे जप्त करा, पोरांना कोठडीत टाका, असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मुदत उलटलेल्यांना विलंब माफ करून नोंदणीची एक संधी द्यावी. डब्यातला परदेशी कोळी घाबरून बोरच्या रानात सोडला जाण्यापेक्षा ते बरे. आणि देशी कोळी मात्र डब्यात नकोतच; बांधावर, वहीत टिपून ठेवण्यापुरतेच.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे संगणकासमोर बसून अर्ज भरायला लागलो. जात भरली, संख्या भरली. 'प्राणी कोठून मिळाला' या प्रश्नाशी त्याचा हात थांबला. खोटे लिहायचे नाही, एवढे मी बजावले होते. खरे लिहिले तर काय होईल, हे मला सांगता येत नव्हते. तेवढ्यात वीज गेली. कूलर थांबला, खोली तापू लागली. महिनोन् महिने त्या खोलीचा उंबरा न ओलांडलेली ताई आत आली, पदराने डबा धरला आणि स्वयंपाकघरात माठाच्या सावलीत, ओल्या फडक्यावर नेऊन ठेवला.