ड्रिल धडधाकट, बॅटरी मेलेली: भंगारात देण्याआधी हे वाचा

माढा तालुक्यात ठिबकचे काम पाहिले असेल, तर हे चित्र ओळखीचे वाटेल. सबमेन पाइप चरात पडलेला, मिस्त्री ओणवा होऊन त्याला भोके पाडतोय आणि मागचा गडी ग्रोमेट, टेक-ऑफ बसवत चाललाय. रानात लाइट कधी असेल याचा भरवसा नाही, म्हणून हातात बॅटरीवरचे ड्रिल. अशी दहा-पंधरा वर्षांपूर्वीची कितीतरी ड्रिल आज घरात पडून आहेत. मोटर, गिअर, चक सगळे शाबूत. पण बॅटरी चार भोकांत उतरते आणि तसा पॅक आता दुकानात मिळत नाही. दुकानदार नवे मशीन पुढे करतो. आमचे म्हणणे, जरा थांबा.

या जुन्या पॅकमध्ये निकेल-कॅडमियमचे सेल असतात. एक सेल १.२ व्होल्टचा, म्हणजे १२ व्होल्टच्या ड्रिलमध्ये दहा. २००५ च्या सुमारास कंपन्या लिथियमकडे वळू लागल्या. कॅडमियम विषारी असल्याने युरोपीय संघाने अशा हत्यारांसाठी दिलेली सवलतही २०१६ अखेर संपवली. जुने पॅक बाजारातून गेले ते असे.

मग मेलेल्या सेलला वेल्डिंग मशीनचा किंवा गाडीच्या बॅटरीचा ‘झटका’ देऊन जागे करण्याचे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात. सेलच्या आत वाढलेले धातूचे बारीक तंतू त्या झटक्याने जळतात आणि सेल पुन्हा चार्ज घेतो, हे खरे आहे. पण तो टिकतो काही दिवसच, आणि झटका देताना सेल फुटला तर डोळ्यावर बेतते. एक-दोनच सेल बदलणेही फायद्याचे नाही. उरलेले आठ त्याच वयाचे असतात.

दुसरा मार्ग लिथियमचा. तीन सेल ओळीने जोडले की पूर्ण चार्जला १२.६ व्होल्ट होतात. १२ व्होल्टच्या ड्रिलला ते चालतात. मात्र सेल जास्त करंट देणारे हवेत. जुन्या लॅपटॉपचे किंवा पॉवर बँकेचे सेल ड्रिलच्या ओढीला तापतात. सोबत संरक्षणाचे सर्किट, म्हणजे बीएमएस, हवे. आणि सगळ्यात महत्त्वाचे, जुना चार्जर यावर कधीही लावू नका. लिथियमचा सेल ४.२ व्होल्टवर थांबवावा लागतो. निकेल-कॅडमियमच्या चार्जरला ते कळत नाही, तो भरतच राहतो. रात्री चार्जिंगला लावून झोपलेल्या घरात आग लागायला एवढे पुरे. पॅक बांधायचा तर स्पॉट वेल्डिंग करणाऱ्या जाणकाराकडूनच.

आमची पसंती तिसऱ्या, सगळ्यात साध्या मार्गाला. फवारणीच्या बॅटरी पंपात बहुधा १२ व्होल्ट, ८ अँपिअर-अवरची शिशाची बॅटरी असते. ड्रिलही १२ व्होल्टचेच असेल तर जुन्या पॅकमधले सेल काढून टाका, फक्त खोके आणि पट्ट्या ठेवा. त्यांना २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर जोडा, दीड-दोन मीटरच्या आत. बॅटरीच्या अगदी जवळ २० अँपिअरचा फ्यूज टाका आणि प्लस-मायनस दोनदा तपासा. ड्रिल अडकले तर फ्यूज उडेल. उडू द्या, त्यासाठीच तो आहे. बॅटरी पिशवीत घालून खांद्याला अडकवायची. कॉर्डलेसला पुन्हा कॉर्ड आली म्हणून कोणी हसेल, पण भोके पडतात. १८ व्होल्टच्या ड्रिलला मात्र याने जोर येणार नाही.

काढलेल्या सेलचे काय? शिशाच्या बॅटरीला भंगारवाला भाव देतो, म्हणून ती परत जाते. कॅडमियमच्या सेलला आपल्याकडे कोणी विचारत नाही, म्हणून तो उकिरड्यावर जातो आणि उकिरडा शेतात. कॅडमियम मातीतून पिकात चढते आणि माणसाच्या मूत्रपिंडात साठते. केंद्राच्या २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. ज्या दुकानात नवे मशीन विकले जाते, तिथेच जुने सेल टाकायला डबा का नसावा?

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. त्यात शेती अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणे आणि वाहने अशी चार क्षेत्रे आहेत. ठिबकवाल्याचे ड्रिल हे शेतीचे अवजार नाही तर काय? युरोपचा २०२३ चा बॅटरी कायदा सांगतो की १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांची बॅटरी ग्राहकाला स्वतः बदलता आली पाहिजे आणि मॉडेल बंद झाल्यावरही निदान पाच वर्षे ती मिळाली पाहिजे. आपल्याकडे तेवढे लेखी येईपर्यंत नवे ड्रिल घेताना किमतीआधी दुकानदाराला एक विचारा: याचा सुटा पॅक आज तुमच्याकडे आहे का, आणि केवढ्याला?