फेरतपासणीचा फेरा

वैद्यकीय कारणास्तव सैन्यातून घरी पाठविलेल्या जवानाचा पेन्शनचा दावा पुन्हा वैद्यकीय मंडळाकडे धाडण्याचा आदेश निघाला, तर तो त्याचा विजय मानावा की पराभव? दावा फेटाळला गेला नाही, एवढेच समाधान.

एके काळी तेवढेही नशिबी नव्हते. लष्करी डॉक्टरांनी जवानाला समक्ष तपासून अपंगत्वाचे प्रमाण ठरवावे आणि अलाहाबादच्या पेन्शन लेखा कार्यालयातील वैद्यकीय सल्लागाराने केवळ कागद पाहून ते खाली आणावे, असा प्रघात होता. नियमानुसार प्रमाण 20 टक्क्यांखाली घसरले की पेन्शनचा हक्कच संपतो. 1993 साली सर्वोच्च न्यायालयाने या प्रकाराला चाप लावला. मंडळाचे मत बदलावयाचे तर वरिष्ठ मंडळापुढे जवानाची पुन्हा तपासणी झाली पाहिजे, असे न्यायालयाने ठरविले. म्हणजे फेरतपासणी ही मुळात जवानाची ढाल होती.

त्या ढालीचे ओझे कसे होते, हे जुलै 2013 मधील एका निकालावरून दिसते. 1972 साली भरती झालेल्या एका जवानाला मनोविकाराच्या निदानावरून 1977 मध्ये काढण्यात आले होते. त्या निदानाला अहवालात पुरेशी कारणे नव्हती, हे न्यायालयाने ओळखले. पण दिलासा कोणता, तर फेरतपासणी मंडळ! छत्तीस वर्षांपूर्वीची मनःस्थिती आजच्या तपासणीत डॉक्टरांना कशी सापडावी?

गंमत अशी, की त्याच महिन्यात अपस्माराच्या दुसऱ्या एका प्रकरणात याच न्यायालयाने 1982 च्या नियमांचा सरळ अर्थ लावला. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान तेव्हा निरोगी होता असे धरावे. पुराव्याचा भार त्याच्यावर नाही. मंडळाने कारणेच दिली नसतील, तर संशयाचा फायदा तेथेच जवानाला द्यावयास हवा. कारणे नंतर गोळा करण्याची संधी खात्याला कशासाठी?

कायम अपंगत्वाची ठरावीक मुदतीची तपासणी सरकारनेच 2001 च्या आदेशाने बंद केली. जवानाने स्वतः मागितली तरच ती व्हावी. दुखणे वाढलेल्याला हा मार्ग हवाच. पण सातारा जिल्ह्यातील एखाद्या खेड्यातून पुण्याच्या लष्करी रुग्णालयात मुलाच्या खांद्याचा आधार घेत येणाऱ्या वृद्धाने ती मागितलेली नसते. मंडळाच्या तारखेपर्यंत त्याने जगावे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते.