कहा-सुना माफ

शब-ए-बरात आली की मोबाईलवर माफीचा पाऊस पडतो. 'कहा-सुना माफ करना.' एकाच वेळी दोनशे जणांना पाठवलेले दोन ओळींचे निरोप. ज्याचे मन आपण खरोखर दुखावले, तो मात्र नेमका त्या यादीत नसतो. यंदा मीही असाच एक निरोप पुढे ढकलला आणि मग मला सिस्टर राणी मारियाची आठवण झाली.

केरळच्या पुल्लुवळी गावची ही ख्रिस्ती जोगीण मध्य प्रदेशात देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात आदिवासींमध्ये काम करत असे. त्यांना सावकाराच्या पाशातून सोडवायचे, हक्काचे पैसे मिळवून द्यायचे, हे तिचे काम. ते काहींना खुपले. 25 फेब्रुवारी 1995 रोजी इंदूरला जाणाऱ्या बसमध्ये समुंदर सिंह नावाच्या तरुणाने प्रवाशांदेखत तिला भोसकले. पन्नासहून अधिक वार झाले होते. ती 41 वर्षांची होती. समुंदरला जन्मठेप झाली.

2002 मध्ये राखीपौर्णिमेला राणी मारियाची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल इंदूरच्या तुरुंगात गेली आणि तिने समुंदरच्या हाताला राखी बांधली. केरळची जोगीण, सण हिंदूंचा, आणि हात बहिणीच्या खुन्याचा. पुढे आईही त्याला भेटली. तिने त्याच्या हातांचे चुंबन घेतले, कारण त्या हातांना तिच्या लेकीचे रक्त लागले होते. त्याच्या सुटकेसाठी या कुटुंबानेच प्रयत्न केले. 2006 मध्ये तो सुटला आणि नंतर पुल्लुवळीला त्यांच्या घरी गेला. मला या गोष्टीतला हा प्रवास फार मोठा वाटतो. राखी तुरुंगात चालत आली होती, पण त्या घराचा उंबरठा त्याला स्वतःच ओलांडायचा होता.

हजरत ईसा अलैहिस्सलाम यांनी अनुयायांना शिकवलेल्या प्रार्थनेत माणूस देवाकडे क्षमा मागतो ती आपण इतरांना केलेल्या क्षमेचा हवाला देऊन. मत्तयच्या शुभवर्तमानात ते सांगतात की वेदीपाशी अर्पण घेऊन आलात आणि भाऊ नाराज असल्याचे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवा, आधी त्याच्याकडे जा. आपल्याकडचे हक्कुल-इबाद याहून वेगळे काय आहे? बंद्याचा हक्क मारला असेल तर आधी त्या बंद्याकडे जावे लागते, नुसत्या नफिल नमाजांनी ते भागत नाही.

फरकही आहे. इस्लाममध्ये खून झालेल्याच्या वारसांना बदल्याचा हक्क आहे, माफ करणे अधिक चांगले म्हटले आहे, पण सक्ती नाही. ख्रिस्ती माणसावर क्षमेचे ओझे जास्त पडते. खरे सांगायचे तर मला आपली रीत पीडिताला अधिक न्याय देणारी वाटते. घर जळालेल्या माणसाला शांतता समितीच्या बैठकीत 'झाले गेले विसरा' सांगणारे मी पाहिले आहेत. त्यातल्या कोणाचे एक कौलही फुटलेले नसते. माफी देणे हा ज्याचे गेले त्याचा अधिकार आहे, इतरांनी त्याच्या वतीने ती वाटू नये. सेल्मीची गेली होती ती सख्खी बहीण, म्हणून तिच्या राखीला वजन आहे. आणि तिने माफ केले म्हणून सावकारी बरी ठरली नाही. उदयनगरमधले जोगिणींचे कामही थांबले नाही.

4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदूरमध्ये राणी मारियाला 'धन्य' घोषित करण्यात आले. चर्चसाठी तो मोठा दिवस होता. मला मात्र अजून तुरुंगातली ती राखीच दिसते.

अब्बा हजला निघाले तेव्हा मोहल्ल्यात दारोदार फिरले होते. चुलत्यांशी बांधावरून बोलणे बंद होते, त्यांच्या दारात सर्वात शेवटी गेले, चप्पल काढून पायरीवर बसून राहिले. चुलते अर्ध्या तासाने बाहेर आले.

ते भांडण आता माझ्या आणि चुलतभावाच्या पिढीत उतरले आहे. सात वर्षे झाली. माझा निरोप त्याला गेलाच नव्हता, कारण त्याचा नंबर माझ्याकडे नाही. रविवारी सकाळच्या एसटीने गावी जायचे ठरवले आहे.